आधी प्लग पाहा, मग जेटला हात लावा



खताचे पोते लादून पाणंदीने जाताना मोटारसायकल ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते. लगेच कार्बोरेटरचे स्क्रू पिळू नका. पेट्रोल किती जावे हे जेटचे बारीक छिद्र ठरवते. हवा मात्र एअर फिल्टरमधून येते. दोष कुठे आहे हे प्लग सांगतो. गाडी १० मिनिटे चालवा, इंजिन गार झाल्यावर प्लग काढा.

१) टोक तपकिरी : मिश्रण बरोबर आहे.

२) कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. बहुधा फिल्टर धुळीने तुंबलेला असतो. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा, थोडे तेल लावून पिळा. कागदी फिल्टर धुऊ नका, बदला.

३) पांढरे टोक : पेट्रोल कमी. जेटमध्ये कचरा असू शकतो. गाडी तशीच दामटली तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो.

जेट पेट्रोलने धुऊन हवेने फुंकावा. त्यात तार घालू नये. छिद्र मोठे होते आणि पेट्रोलचा खर्च कायमचा वाढतो. नवा जेट जुन्याच नंबरचा घ्यावा. फिल्टर काढून गाडी कधीच चालवू नये. धूळ सिलिंडर खाते.

बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असते. त्यांना हा उपाय लागू नाही.