८० टक्क्यांपर्यंत सुसाट, मग फोनचं चार्जिंग का रेंगाळतं?

घराबाहेर पडायची घाई आहे आणि फोन चार्जिंगला लावलाय. २० वरून ८० टक्क्यांपर्यंत तो बघता बघता पोहोचतो. पुढचे २० टक्के मात्र संपता संपत नाहीत. मग संशय येतो चार्जरवर. पण बहुतेक वेळा चार्जर ठणठणीत असतो. हा वेग फोनच मुद्दाम कमी करतो.

बॅटरीच्या आत काय घडतं?

फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. चार्जिंग सुरू झालं की लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, एका बाजूकडून दुसरीकडे जातात आणि तिथल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात. रिकामी एसटी फलाटाला लागली की पहिले प्रवासी पटापट बसतात. गाडी भरत आली की शेवटच्यांना जागा शोधत आत सरकावं लागतं. आयनांचंही तसंच होतं.

घाई केली तर?

आत शिरायला वेळ न मिळालेले आयन ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातू बनून साचतात. त्यातलं बरंचसं लिथियम पुन्हा वापरात येत नाही आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. या धातूचे सुईसारखे काटे वाढून आतला पडदा फाटला, तर शॉर्ट सर्किट होऊन आगही लागू शकते.

वेग कसा कमी होतो?

फोनमधलं सर्किट सुरुवातीला भरपूर करंट घेतं. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोहोचलं की ते तिथेच रोखलं जातं आणि करंट हळूहळू उतरत जातो. ही मर्यादा पूर्वीपासून ४.२ व्होल्ट मानली जाते, अनेक नव्या फोनमध्ये ती थोडी जास्त असते. बॅटरी तापली तर करंट आणखी कमी होतो.

म्हणूनच जाहिरातीतले आकडे नीट वाचा. ‘३० मिनिटांत ५० टक्के’ याचा अर्थ तासाभरात १०० टक्के असा होत नाही.

मग काय करायचं?

घाई असेल तर ८० टक्क्यांना फोन काढा, काही बिघडत नाही. तासन्‌तास १०० टक्क्यांवर राहणं आणि उष्णता, दोन्हींमुळे बॅटरी लवकर थकते. म्हणूनच अनेक फोनच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते. आयफोनमध्ये ही सोय २०२३ च्या आयफोन १५ पासून आली. आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली तर अजिबात ठेवू नका.