फुप्फुसातील लहान गाठ आणि किरणांची मात्रा

फुप्फुसातील कर्करोग प्रारंभावस्थेत ध्यानी आला, गाठ लहान आहे, लसिकाग्रंथींत रोगाचा शिरकाव नाही, परंतु वार्धक्याने, हृदयविकाराने वा जुनाट धूम्रपानाने जर्जर झालेला देह शस्त्रक्रिया सोसणार नाही, अशा रुग्णापुढे किरणोपचाराचा मार्ग उरतो. तथापि त्या मार्गाच्या दोन तऱ्हांत मोठी तफावत आहे, याची वार्ता पुष्कळ घरांपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.

जुन्या रिवाजाप्रमाणे रोज 2 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) या हिशेबाने सहा-सात आठवडे किरण देत. निरोगी पेशींना दोन मात्रांच्या दरम्यान सावरण्यास अवसर मिळावा हा त्यातील हेतू. परंतु तो अवसर गाठीलाही मिळे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स लेक्सेल यांनी मेंदूसाठी 1951 मध्ये मांडलेली अचूक लक्ष्यवेधाने मोठी मात्रा गाठीवरच एकवटण्याची कल्पना तेथीलच लाक्स आणि ब्लोमग्रेन यांनी 1990च्या दशकात छाती-पोटापर्यंत आणली. हेच आजचे एसबीआरटी, म्हणजे स्टिरिओटॅक्टिक बॉडी रेडिओथेरपी. कवटीतील गाठ स्थिर असते, फुप्फुसातील गाठ मात्र श्वासागणिक सरकते. म्हणून रुग्णाच्या अंगाच्या ठेवणीची गादी तयार करणे, श्वासाच्या प्रत्येक टप्प्याचे सीटी स्कॅन काढणे, आणि दर खेपेस किरण सोडण्यापूर्वी टेबलावरच पुन्हा स्कॅन घेऊन गाठ ठरल्या जागी असल्याची खातरजमा करणे, एवढा बंदोबस्त करूनच एका वेळी 18 ग्रेपर्यंतची मात्रा तीन खेपांत देतात.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील 101 रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीत, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, जुन्या पद्धतीने शंभरांतील 31 जणांची गाठ त्याच जागी पुन्हा बळावली, नव्या पद्धतीने 14 जणांची. स्कँडिनेव्हियातील चाचणीत मात्र रोगनियंत्रण उभयपक्षी सारखेच राहिले. नव्या पद्धतीत अन्ननलिकेचा व फुप्फुसाचा दाह तेवढा कमी झाला. दोन्ही फैसले एकत्र वाचले, तर गाठ फुप्फुसाच्या कडेला असताना एसबीआरटीचेच पारडे जड ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्य श्वासनलिकांच्या दोन सेंटीमीटरच्या आत गाठ असेल, तर तीन खेपांची ती जबर मात्रा जीवावर बेतल्याचे अमेरिकेतील अनुभवाने 2006 मध्येच दाखविले. अशा ठिकाणच्या गाठीसाठी मात्रा पाच किंवा आठ खेपांत वाटून द्यावी लागते. प्रोटॉन किरणांचे यंत्र आता आपल्या नवी मुंबईतील खारघरलाही आले आहे, परंतु अशा लहान गाठीसाठी ते सरस असल्याचा निर्वाळा तुलनात्मक चाचण्यांनी अद्याप दिलेला नाही.

तेव्हा शस्त्रक्रियेस नकार मिळालेल्या रुग्णाच्या आप्तांनी हताश होऊन घरी परतू नये. किरणोपचारतज्ज्ञांना भेटावे, आणि यंत्राचे नाव विचारण्याआधी गाठ नेमकी कोठे आहे, हे विचारावे.