दुपारी साडेबाराला बंद पडणारा कॉम्प्युटर

वसई-विरारकडे कॉम्प्युटर मधेच बंद पडला की पहिला आळ येतो तो लाइटवर. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. रस्त्यावर गुडघाभर पाणी, व्होल्टेज खाली-वर आणि टेबलाखाली यूपीएसची टुकटुक चालू. मग दोषी दुसरं कोण असणार?

आमच्या सोसायटीतले एक काका घरूनच हिशेब लिहायचं काम करतात. त्यांचा डेस्कटॉप महिनाभर दिवसाआड बंद पडत होता. नवा यूपीएस आणून झाला, तरी तेच. दुकानदार म्हणाला, ‘फॉरमॅट मारून टाका.’ मी त्यांना एकच काम सांगितलं: मशिन बंद पडलं की घड्याळ बघून जुन्या डायरीत वेळ लिहायची. आठ दिवसांनी डायरी उघडली तर १२.३४, १२.४१, १२.३७, १२.३९. आमच्याकडची लाइट इतकी वक्तशीर नाही.

रोज साडेबाराला त्या मशिनवर स्पायवेअर शोधणारा एक प्रोग्राम आपोआप तपासणी सुरू करत होता. स्पायवेअर म्हणजे आपल्या नकळत कॉम्प्युटरमध्ये बसून पासवर्ड, बँकेचे तपशील, आपण काय पाहतो हे बाहेर पाठवणारा हेर. त्याला पकडायला ठेवलेला पहारेकरी म्हणजे अँटी-स्पायवेअर. पण वेळ जुळली म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. तो सिद्ध कसा करायचा, हे आपण क्रमाने पाहू.

आधी एक शंका. पहारेकऱ्यामुळे अख्खं घर कसं बंद पडेल? साधा प्रोग्राम बिघडला तर तो एकटाच बंद होतो, बाकी कॉम्प्युटर चालू राहतो. सुरक्षेच्या प्रोग्रामचं तसं नाही. प्रत्येक फाइल उघडण्याआधी तपासायची असल्यामुळे त्याचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जाऊन बसतो. या भागाला ड्रायव्हर म्हणतात. तिथे चूक झाली की आपल्या फाइली खराब होऊ नयेत म्हणून विंडोज स्वतःच काम थांबवतं. निळा पडदा दिसतो तो तेव्हा. विंडोज ११ च्या २०२५ पासूनच्या नव्या आवृत्त्यांमध्ये तो काळा केला आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९ जुलै २०२४ चं, शुक्रवारचं. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९.३९ ला एक छोटी फाइल जगभर पाठवली. प्रोग्राम २१ गोष्टी वाचायला गेला, त्याच्यापुढे ठेवल्या होत्या २०. तेवढ्यावरून, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख मशिन्स आडवी झाली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने चूक १०.५७ ला मागे घेतली, पण बंद पडलेली कित्येक मशिन्स माणसांनी एकेक करून उठवली. हा प्रोग्राम मोठ्या कंपन्या वापरतात, घरगुती मशिन्स त्यातून वाचली. घडण मात्र सगळ्या पहारेकऱ्यांची सारखीच.

आता आपल्या टेबलाकडे येऊ. पहिली पायरी डायरीची. वेळ, तेव्हा काय चालू होतं, आणि निळा पडदा आला की मशिन थेट विझलं, एवढं लिहा. पडदा अनेकदा दोन सेकंदांत निघून जातो, कारण विंडोज लगेच पुन्हा सुरू होतं. ते थांबवायला स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ लिहा, उघडलेल्या खिडकीत ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्जमध्ये जा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची टिक काढा. पुढच्या वेळी पडदा थांबून राहील. मोबाइलने फोटो काढा.

त्या फोटोत ‘स्टॉप कोड’ असतो आणि कधी कधी ‘व्हॉट फेल्ड’पुढे एका फाइलचं नाव, शेवटी ‘डॉट सिस’ असलेलं. ते नाव आपल्या सुरक्षा प्रोग्रामचं निघालं तर संशय बळावतो. पण इथेच बरेच जण फसतात. पडद्यावर नाव येतं ते कोसळताना जो समोर होता त्याचं, धक्का देणारा दुसराच असू शकतो. नाव विंडोजच्याच फाइलचं असेल तर विंडोज खराब झालं असंही समजू नका.

दुसरी पायरी मला सगळ्यात आवडते, कारण तिला काहीच अक्कल लागत नाही. शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ लिहा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. प्रत्येक दिवसाचा एक रकाना दिसेल. मशिन कोसळलं तिथे लाल फुली, नवं काही बसवलं किंवा अपडेट झालं तिथे निळी खूण. पहिली लाल फुली शोधा आणि तिच्या आधीच्या तीन-चार दिवसांतल्या निळ्या खुणांवर क्लिक करून पाहा. काकांच्या मशिनवर पहिल्या फुलीच्या दोनच दिवस आधी त्या अँटी-स्पायवेअरची नवी आवृत्ती बसली होती.

आता लाइटचा विषय एकदाचा मिटवू. निळा पडदा न येता मशिन दिवा विझावा तसं विझत असेल, तर सॉफ्टवेअरपेक्षा यूपीएस, आतला एसएमपीएस किंवा उष्णता यांच्यावर जास्त संशय घ्या. एसएमपीएस म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला हवी तशी करून देणारा डबा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत धूळ पंख्याला चिकटून बसते. प्लग काढून कॅबिनेट उघडा आणि मऊ ब्रशने ती साफ करा. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल पॉवर ४१’ ही लाल नोंद पाहून घाबरू नका. मशिन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. का, ते सांगत नाही.

यापुढे कशालाही हात लावण्याआधी फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. अँटीव्हायरसची लायसन्स की लिहून ठेवा. डब्यावर किंवा खरेदीच्या ईमेलमध्ये असते. आणि बिटलॉकर बघा. बिटलॉकर म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप. अनेक नव्या मशिन्सवर ते आपण न लावताही लागलेलं असतं. दुरुस्तीच्या पडद्यावर गेलं की ते ४८ अंकी किल्ली मागू शकतं आणि तेव्हा ती त्याच मशिनवर शोधता येत नाही. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती आत्ताच कागदावर उतरवा. जुलै २०२४ मध्ये अनेक कंपन्यांची दुरुस्ती याच किल्लीपायी रखडली होती.

मग पहारेकरी मोजा. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘सेटिंग्ज’मध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ पाहा, शिवाय बसवलेल्या प्रोग्रामांची यादीही चाळा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर मुळात अँटी-स्पायवेअरच होता. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या डिसेंबरमध्ये जायंट नावाची कंपनी घेतली, त्यातून तो आला. विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटीव्हायरस झाला. दुसरा अँटीव्हायरस बसवला की तो सहसा स्वतःहून बाजूला होतो. पण काही अँटी-स्पायवेअर प्रोग्राम विंडोजकडे नोंद न करताच पहारा देतात. मग एकाच फाइलवर दोघे झडप घालतात. काकांकडे दुकानदाराने बसवलेला अँटीव्हायरस होताच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला, त्या काळजीने त्यांनी वर हा फुकटचा दुसरा आणला होता. जास्त पहारेकरी म्हणजे जास्त सुरक्षा, हा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे.

आता खरी परीक्षा. संशयित प्रोग्राम नुसता ‘डिसेबल’ करून चालत नाही, त्याचा ड्रायव्हर आतच राहतो. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अ‍ॅप्स’मधून तो अनइन्स्टॉल करा. नंतर त्याच कंपनीच्या साइटवर उरलंसुरलं साफ करणारं काढण्याचं साधन असेल तर तेही चालवा. गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीतून काहीही उतरवू नका. एका वेळी एकच प्रोग्राम काढा. दोन एकदम काढले तर गुन्हेगार कोण होता ते कधीच कळत नाही.

काढून झाल्यावर ‘शट डाउन’ नको, ‘रिस्टार्ट’ करा. हे उलटं वाटेल. पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. मग डिफेंडर किंवा आपला ठेवलेला अँटीव्हायरस चालू आहे ना, ते पाहा.

प्रोग्राम काढण्याइतका वेळही मशिन देत नसेल तर सेफ मोडमध्ये जा. त्यात विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन सुरू होतं. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा, मग ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, रिस्टार्ट आणि शेवटी ४ चं बटण. काही प्रोग्राम सेफ मोडमध्ये अनइन्स्टॉल होत नाहीत. त्यांच्यासाठी कंपनीचं काढण्याचं साधन वापरा.

मग थांबा. माणसं इथे घाई करतात. दिवसाआड बंद पडणारं मशिन दोन तास नीट चाललं म्हणजे बरं झालं असं नाही. पूर्वी जेवढ्या दिवसांत चार-पाच वेळा कोसळायचं, तेवढे दिवस जाऊ द्या. तोवर नवा प्रिंटर, नवा ड्रायव्हर, नवं काही नको.

कोसळणं थांबलं तर त्या प्रोग्रामची ताजी आवृत्ती एकदा बसवून पाहू शकता. पुन्हा तेच झालं तर तो सोडून द्या आणि कंपनीला कळवा. विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’ फोल्डरातल्या फाइली त्यांच्या कामाच्या असतात. थांबलं नाही तर पहारेकरी निर्दोष. मग शोधपट्टीतून ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवून रॅम तपासा, आणि विंडोज सिक्युरिटीतून ‘ऑफलाइन स्कॅन’ करा. ते विंडोज सुरू होण्याआधीच झाडाझडती घेतं, साधारण १५ मिनिटं लागतात. कधी कधी खरा हेरच आत असतो.

आणि पहारेकऱ्याच्या वेषातला चोरही असतो. वेबसाइट पाहताना अचानक ‘आपल्या कॉम्प्युटरमध्ये ३४ व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा’ असं दिसलं तर फोन करू नका, कुणाला मशिनचा दूरवरून ताबा देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, कळवा.

काकांनी तो दुसरा प्रोग्राम काढला, फॉरमॅट करावं लागलं नाही. डायरी अजून टेबलावर आहे. पुढच्या दीड महिन्यात तिच्यात एकच नोंद पडली: संध्याकाळी ६.१०, लाइट गेली.