परूश्यांची बाजू

यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात वाद रंगला आहे. सात भावांशी एकामागून एक लग्न लागलेली बाई, मेलेले उठतील त्या दिवशी कोणाची बायको ठरेल, असा पेच सदूकी पंथाच्या लोकांनी येशूपुढे टाकला आहे. येशू त्यांना निरुत्तर करतो. बाजूला उभा राहून ऐकणाऱ्या एका शास्त्र्याला ते उत्तर आवडते. आवडले म्हणूनच तो पुढे होऊन विचारतो, सगळ्या आज्ञांमध्ये पहिली कोणती? येशू दोन सांगतो: देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. शास्त्री मनापासून दाद देतो. यज्ञ आणि होमबलींपेक्षा हे मोठे, असेही म्हणतो. त्यावर येशू त्याला सांगतो की देवाचे राज्य तुझ्यापासून लांब नाही.

हा प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात आहे. आता मत्तयाचा बाविसावा अध्याय उघडा. प्रश्न तोच, उत्तरही तेच. पण विचारणारा आता परूश्यांपैकी आहे आणि तो परीक्षा पाहायला आला आहे. त्याने दिलेली दाद गेली, येशूची शाबासकीही गेली. पुढच्याच अध्यायात शास्त्री आणि परूशी यांच्यावर ‘ढोंगी’ म्हणून झोड उठते. मार्कचे लेखन इ.स. ७०च्या आसपासचे आणि मत्तयाचे त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी, मार्क समोर ठेवून केलेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग एवढ्या काळात त्या भल्या शास्त्र्याचे काय झाले? माझ्या मते नवा करार वाचताना हा प्रश्न टाळून चालणार नाही. ‘परूशी’ आणि ‘ढोंगी’ हे शब्द जगभर समानार्थी झाले ते यातूनच, आणि त्याची किंमत ज्यूंनी शतकानुशतके मोजली.

परूशी नक्की कोण होते? इ.स. ३७ साली जन्मलेला, पुरोहित घराण्यातला इतिहासकार योसेफस आपल्या समाजातले तीन मुख्य पंथ सांगतो. सदूकी हे उच्च पुरोहित आणि श्रीमंतांच्या वर्तुळातले. लिखित नियमशास्त्र तेवढे त्यांना मान्य. मेलेले उठतात हे त्यांना अमान्य. एसीन संख्येने चार हजारांवर, मालमत्ता सामाईक ठेवणारे. आणि परूशी सहा हजारांवर. वाडवडिलांकडून तोंडी चालत आलेली परंपराही ते प्रमाण मानत, पुनरुत्थानावर विश्वास ठेवत, आणि सामान्य लोक त्यांच्या शब्दाला मान देत. ‘परूशी’चा मूळ हिब्रू अर्थ बहुधा ‘वेगळे झालेले’ असा. इ.स. ६ मध्ये रोमन शिरगणतीविरुद्ध उठलेल्या गालीलच्या यहूदाचा गट योसेफस चौथा म्हणून जोडतो.

आता परूश्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहू. १९४७ साली मृत समुद्राकाठी कुमरानजवळ एका गुहेत प्राचीन गुंडाळ्या सापडल्या, आणि पुढच्या काही वर्षांत अकरा गुहांमधून सुमारे नऊशे हस्तलिखितांचे अवशेष हाती आले. चौथ्या गुहेतल्या सहा हस्तलिखितांच्या तुकड्यांवरून जुळवलेले एक पत्रवजा लेखन १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यात वीसेक धार्मिक मुद्द्यांवर ‘आमचे म्हणणे असे’ म्हणून पक्ष मांडला आहे. त्यातला एक मुद्दा पाण्याच्या धारेचा. शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतले, तर धारेवाटे विटाळ वरच्या भांड्यात चढतो का? पत्र म्हणते, चढतो. धार आणि खालचे पाणी एकच. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहामध्ये नेमका हाच वाद नोंदला आहे. तिथे सदूकी तक्रार करतात की तुम्ही परूशी ही धार शुद्ध ठरवता!

सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला हा वाद लगेच कळेल. मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की इथे परूशी सैल बाजूला आहेत. कुमरानच्या एका भाष्यात ‘गुळगुळीत गोष्टी शोधणारे’ अशी काही लोकांची निंदा येते, आणि तो रोख परूश्यांवरच आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे कुमरानच्या वाळवंटी वसाहतीतल्या कडव्यांना जे पळवाटा काढणारे वाटत होते, तेच शुभवर्तमानात जाचक नियम लादणारे ठरतात. रोजच्या संसारात, बाजारात, स्वयंपाकघरात नियमशास्त्र पाळता यावे म्हणून परूशी वाटा शोधत होते. यरुशलेमच्या जुन्या ज्यू वस्तीत उत्खननात सापडलेली दगडी भांडी पाहावीत. दगडाला विटाळ लागत नाही, म्हणून मातीच्या भांड्यांऐवजी ती घरोघर वापरत. योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नघरी शुद्धीकरणाच्या पाण्याचे सहा रांजण आहेत, तेही दगडाचेच.

येशूचे वादही याच मैदानातले आहेत. कोणत्याही कारणाने बायकोला सोडावे का, असा प्रश्न मत्तयात परूशी विचारतात. हा प्रश्न हवेतून आलेला नाही. त्यावर दोन ज्यू गुरूंच्या पाठशाळांत वाद होता. शम्मायच्या पाठशाळेचे मत होते की व्यभिचाराखेरीज सोडू नये; हिल्लेलची पाठशाळा म्हणे, जेवण करपवले एवढे कारणही पुरे. मत्तयातले येशूचे उत्तर शम्मायच्या जवळ जाते, आणि मार्कमध्ये तर ती एक सवलतही नाही. दुसरीकडे, जे स्वतःला नकोसे ते दुसऱ्याला करू नकोस, हे सांगणारा हिल्लेल येशूच्या शिकवणुकीच्या किती जवळ आहे! माणूस सर्वांत जास्त वाद घालतो तो जवळच्यांशी. लूकमध्ये येशू परूश्यांच्या घरी जेवायला जातो, आणि हेरोद तुला मारायला टपला आहे, निघून जा, हा इशाराही त्याला परूशीच देतात. मार्कमध्ये, कैसराला कर द्यावा का या प्रश्नानंतर, परूश्यांचे नाव पुन्हा येत नाही. येशूची अटक आणि खटला हे मुख्य याजकांचे काम.

इ.स. ६२ ची एक घटना तर फारच बोलकी आहे. रोमन सुभेदार मरण पावला होता, नवा पोहोचायचा होता. ही संधी साधून महायाजक हनान याने येशूचा भाऊ याकोब याला दगडांनी मारवले. हनान सदूकी होता. योसेफस लिहितो की नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेल्या नगरवासीयांना हे खपले नाही, त्यांनी राजा अग्रिप्पाकडे गुप्तपणे तक्रार नेली आणि हनानचे पद गेले. हे काटेकोर लोक परूशी असावेत, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे आणि मला तो पटतो.

मग इ.स. ७० उजाडले. रोमन सेनापती तीतच्या फौजांनी यरुशलेमचे मंदिर जाळले. मंदिर गेले तसे सदूकीही गेले. कुमरानची वसाहत दोन वर्षे आधीच उद्ध्वस्त झाली होती. उरले दोघे वारसदार: यवने गावी योहानान बेन जक्काय यांच्याभोवती जमलेले, परूशी परंपरा पुढे नेणारे पंडित, आणि येशूला मसीहा मानणारे ज्यू. धर्मग्रंथ एकच, आणि तो कसा वाचायचा यावर दोघांचा दावा. मत्तयाचा तेविसावा अध्याय मी याच भाऊबंदकीत ठेवून वाचतो. त्या अध्यायाची सुरुवातही विसरू नये: ते मोशेच्या आसनावर बसले आहेत, त्यांचे सांगणे पाळा. दांभिक परूश्यांचे सात प्रकार सांगून त्यांची खिल्ली खुद्द तालमूदनेही उडवली आहे. घरातल्या घरात हे चालते. मत्तयाचा ग्रंथ बिगरज्यू हातांत गेला, तेव्हा घरातले शब्द परक्या समाजावरचा आरोप बनले.

मराठीत यात आणखी एक भर पडली. ग्रीक मुळातल्या शब्दाचा सरळ अर्थ ‘लेखनिक’. मराठी बायबलने त्याला ‘शास्त्री’ केले. अर्थाने ते चुकीचे नाही, कारण हे लोक नियमशास्त्राचे जाणकार होते. पण ढोंगी शास्त्री हे आपल्या सुधारकी लेखनातले ओळखीचे पात्र. त्यामुळे मराठी वाचकाने त्यांना न भेटताच ओळखले.

प्रेषित पौलाने मात्र आपली परूशी ही ओळख कधी लपवली नाही. इ.स. पन्नाशीच्या दशकात लिहिलेली त्याची पत्रे नव्या करारातले सर्वांत जुने लेखन. फिलिप्पैकरांच्या पत्रात तो नियमशास्त्राच्या बाबतीत स्वतःला परूशी म्हणवतो. प्रेषितांच्या कृत्यांत तो परूशी गुरू गमलिएलच्या पायांशी शिकल्याचे सांगतो, आणि न्यायसभेपुढे आपण परूशी असल्याचे ओरडून सांगतो. मृतांच्या पुनरुत्थानावरून सभेत दुफळी होते आणि परूशी शास्त्री त्याच्या बाजूने उभे राहतात.

पुनरुत्थानाचा हा विश्वास आजही टिकून आहे. मुंबईत मांडवीला बेने इस्राएल ज्यूंचे १७९६ साली स्थापन झालेले सभास्थान आहे. ज्यूंच्या नित्य प्रार्थनेतला दुसरा आशीर्वाद मेलेल्यांना उठवणाऱ्या देवाची स्तुती करतो. चर्चमध्ये ख्रिस्ती लोक म्हणतात त्या प्रेषितांच्या मतांगीकारातही देहाच्या पुनरुत्थानावरचा विश्वास येतो. हा विश्वास सदूक्यांशी भांडून जपला तो परूश्यांनी.