शहराचा धूर व त्याचा हिशेब

नववीच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, “तुमच्या घरातून धूर निघतो काय?” बहुतेक विद्यार्थी उत्तरले, “नाही सर, आमच्या घरी आता गॅस आणि वीज आहे.” उत्तर प्रामाणिक होते, परंतु अपुरे होते. चूल विझल्याने आयांचे डोळे व फुप्फुसे वाचली, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि धूर सर्वस्वी नाहीसा झाला नाही. आपल्याच अकोला जिल्ह्यात पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात. दिवा हिवरखेडास लागतो. धूर मात्र अशा एखाद्या केंद्राच्या धुराड्यातून निघतो.

ह्या धुरातील कार्बन डायऑक्साइड वायू डोळ्यांस दिसत नाही. तो सूर्यप्रकाशास आत येऊ देतो, परंतु तापलेल्या भूमीपासून परत जाणारी उष्णता पांघरुणाप्रमाणे अडवून ठेवतो. हे पांघरूण दिवसेंदिवस जाड होत असल्यामुळे पृथ्वी तापत आहे.

मग शहराने काय करावे? प्रथम हिशेब मांडावा. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला, त्याचा आरंभ असाच आहे. २०१९ साली त्या शहरातून सुमारे २ कोटी ३४ लक्ष टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे वायू बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के घरे, दुकाने व कारखाने ह्यांतील ऊर्जेमुळे, २० टक्के वाहतुकीमुळे व ९ टक्के कचऱ्यामुळे होते. रस्त्यावरील मोटारींकडे सर्वांचे बोट जाते. पण हिशेबाने मोठा दोष विजेच्या वापराकडे दाखविला. म्हणून छपरावर सौरपत्रे, कमी वीज खाणारे दिवे आणि वारा खेळेल अशी घरे, हे उपाय अग्रक्रमाने येतात. मुंबईने २०३० पर्यंत ३० टक्के घट आणि २०५० पर्यंत जितके वायू सोडावे तितकेच शोषले जावेत, असे ध्येय ठेविले आहे.

कचऱ्याचे प्रकरण निराळे आहे. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला म्हणजे मिथेन वायू उत्पन्न होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवितो. सातपुड्यापलीकडील इंदूर शहरात फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून इंधनवायू करणारा कारखाना सुरू झाला. परंतु त्या कारखान्याचे खरे मूळ घरोघरी वेगळ्या ठेवलेल्या दोन टोपल्यांत आहे.

आमच्या हिवरखेडास नगरपरिषद अलीकडेच मिळाली. मुंबईच्या देवनार येथे १९२७ पासून कचऱ्याचे डोंगर साठत गेले. ते आता हलविणे किती कठीण! नव्या नगरास हे संकट आरंभीच टाळता येते. गाव लहान, त्याचा वाटाही लहान, हे खरे. परंतु लहान हिशेब लवकर जुळतो. ओल्या कचऱ्याचे खत आपल्याच शेतास मिळेल, आणि वाचलेल्या विजेचा पैसा आपल्याच घरी राहील.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, पुढील महिन्याचे वीजबिल वहीत उतरून आणा. कोळशापासून झालेल्या एका युनिटामागे स्थूलमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा आणि बेरीज करा. आम्हीही आमच्या घरचे बिल घेऊन येऊ. “तुमच्या घरातून धूर निघतो काय?” हा प्रश्न त्या दिवशी आम्ही पुन्हा विचारणार आहोत.