बांधावरचे लॅक्टोन

पाऊस उघडला की खर्डा-जामखेड पट्ट्यात रस्त्याच्या कडेला, पडीक रानात आणि शेताच्या बांधावर गाजरगवत माजते. मूळ अमेरिका खंडातले हे तण भारतात प्रथम नोंदले गेले ते पुण्यात, १९५५ साली. खुरपताना ते वारंवार हाताला लागले, तर काहींच्या मनगटाला, मानेला, पापण्यांना खाज सुटते. पुढे कातडी जाड आणि काळपट होते. त्यामागे आहे पार्थेनिन, लॅक्टोन गटातले एक रसायन.

एकाच रेणूतले आम्ल आणि अल्कोहोल हे दोन भाग परस्परांना जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि वलय तयार होते. हे वलय म्हणजे लॅक्टोन. पार्थेनिनच्या वलयाला एक उघडा दुहेरी बंध असतो. धोतराला कुसळ रुतावे तसा तो कातडीच्या प्रथिनांतल्या गंधकाला पकडतो. बदललेले प्रथिन शरीराला परके वाटते आणि प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते. एकदा अशी ॲलर्जी जडली की पुढे वाऱ्याने उडालेला वाळका चुराही त्रास द्यायला पुरतो. पार्थेनिन आसपासच्या बियांची उगवणही रोखते. जनावराने हे गवत खाल्ले, तर दूध कडवट होते.

सगळी लॅक्टोन मात्र अशी नसतात. क जीवनसत्त्व हेही लॅक्टोनच. हापूस पिकताना त्यात लॅक्टोन वाढतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखवले आहे. नारळाच्या वासाची लॅक्टोन कारखान्यात तयार होऊन आइस्क्रीममध्ये आणि अत्तरांत जातात. २०१५ चे वैद्यकाचे नोबेलही दोन लॅक्टोन औषधांच्या शोधांना मिळाले. तू यूयू यांचे आर्टेमिसिनिन मलेरियावर चालते. ते गाजरगवताच्याच कुळातल्या वनस्पतीत सापडते. दुसरे, कॅम्पबेल आणि ओमुरा यांचे अॅव्हरमेक्टिन. त्यापासून बनलेले आयव्हरमेक्टिन शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवर आणि खरजेवर पशुवैद्य आजही देतात.

गाजरगवताचे एक झाड हजारो बिया टाकते. म्हणून फुलोरा येण्याआधी, जमीन ओली असतानाच ते मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगभर कपडे ठेवा आणि ॲलर्जी असलेल्याला या कामाला लावू नका. बिनफुलाचे गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालते. फुललेले मात्र त्यात टाकू नका.