लकव्यानंतर माणूस ‘कोरडा’ का होतो?

लकव्यातून उठलेला माणूस घरच्यांच्या रडण्याकडे नुसता बघत राहतो, किंवा मयतीत हसू लागतो. ‘बाहेरचं झालंय’ म्हणत त्याला भगताकडे नेलेलं आम्ही वस्तीत पाहतो. बंधू-भगिनींनो, ही मेंदूची जखम आहे, स्वभाव नव्हे.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, तर समोरच्याच्या चेहऱ्यातला, आवाजातला राग किंवा दुःख ओळखणं अनेकांना जड जातं. कानशिलाच्या आत बदामाच्या आकाराचा ‘अमिग्डाला’ असतो. तो दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका अमेरिकन महिलेला इतरांच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नव्हती, हे संशोधकांनी १९९४ साली मांडलं.

म्हणून रुसू नका. ‘मला वाईट वाटतंय’ असं शब्दांत सांगा. न आवरणाऱ्या हसण्या-रडण्यावर औषध आहे. सरकारी दवाखान्यात दाखवा.